पत्रिकेपुरते कॅप्टन

आमचं गाव साकोलीपासून आत, धान आणि जुन्या मालगुजारांच्या मामा तलावांच्या मुलखात. कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. जलवाहतूक म्हणाल तर ढिवरांचे डोंगे, आणि नाल्याला पूर आला की ग्रामसेवकाची मोटारसायकल. अशा घरात आमच्या आबाजींचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांचा, जहाजी पोशाखातला फोटो आहे. देवघराशेजारी तो वर्षानुवर्षं टांगलेला. पितृपक्षात त्याला हार मिळायचा, बाकी वर्षभर त्याच्यामागं पाल राहायची. आबाजी "जहाजावर होते" एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यापलीकडे कोणाला काही पडलेली नव्हती. मोठे काकाजी मॅट्रिकला असतानाच आबाजी गेले, आणि होते तेव्हाही ते फारसं बोलत नसत.

मग काकाजींच्या नातवाचं लग्न जुळलं. मुलगी तिरोड्याची, बापाची राइस मिल. एवढ्या तोलामोलाच्या सोयऱ्यांपुढे ठेवायला आपल्याही घराण्यात कोणी मोठा माणूस पाहिजे, असं काकाजींच्या मनानं घेतलं. जिवंतांमध्ये कोणी सापडेना, म्हणून त्यांची नजर भिंतीवर गेली. पत्रिकेत 'कै.' आणि नावाच्या पुढं 'कॅप्टन, भारतीय नौदल' असं छापायचं ठरलं. प्रेसवाला पापभीरू निघाला. म्हणाला, "काकाजी, मजकूर एकदा पक्का करून आना."

पक्का करायला मजकूर माझ्याकडे आला. गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याला सगळं समजते, असा गावाचा सिद्धांत आहे. सातबारा, पीकविमा, बारावीचा निकाल आणि आता आबाजींचा हुद्दा.

काकाजींचा पुरावा तयारच होता. "हे पाह्य, कॉलरवर तीन पांढरे पट्टे. फौजेत तीन तारे म्हंजे कॅप्टन. मंग?"

हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे. अडचण एवढीच की पाठीवर पडणारी ती चौकोनी निळी कॉलर आणि तिच्या कडेचे तीन पट्टे साध्या खलाशाचे असतात. अधिकारी ती कॉलर घालतच नाही. शिवाय नौदलाचा कॅप्टन म्हणजे फौजेतल्या कर्नलच्या बरोबरीचा, त्याला चार सोनेरी पट्ट्या. ते तीन पट्टे नेल्सनच्या तीन विजयांची आठवण म्हणून आहेत, असं खुद्द इंग्रजांकडेही पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं, आणि तेही खरं नाही. त्या पट्ट्यांवर इमले बांधणारे काकाजी काही पहिले नव्हेत.

दुसरे तज्ज्ञ शेजारचे हवालदारसाहेब. फौजेतून, कामठीहून रिटायर झालेले, त्यामुळे गणवेश या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी फोटो हातभर लांब धरला, डाव्या दंडावरची इंग्रजी व्हीसारखी फीत बघितली आणि निकाल दिला, "लान्सनाईक. एक फीत आहे." कॅप्टनचा क्षणात लान्सनाईक झाला. काकाजींनी त्या दिवशी हवालदारसाहेबांना चहा विचारला नाही.

खरं म्हणजे नौदलातली ही फीत हुद्दा सांगतच नाही. ती चांगल्या वर्तणुकीची. पहिली तीन वर्षांनी, दुसरी आठ वर्षांनी, तिसरी तेरा वर्षांनी. म्हणजे आबाजी किमान तीन वर्षं नोकरीत होते आणि त्या तीन वर्षांत त्यांच्या नावावर काही भानगड लागली नाही. हे आत्याबाईला सांगितलं तर ती पदरात तोंड घालून हसायला लागली. "बाबाले? वर्तनुकीची? माये वो!" कशाला हसली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. चार पोरांची आजी आहे, तिला उलटतपासणी करण्याची कोणाची टाप नाही.

फोटो फ्रेममधून काढणं हे वेगळंच कार्य झालं. मागच्या पुठ्ठ्याला उधई लागलेली. स्टुडिओच्या शिक्क्यातलं 'बॉम्बे' एवढंच तिनं शिल्लक ठेवलं होतं. स्टुडिओचं नाव, तारीख, काही लिहिलं असेल तर ते, सगळं तिच्या पोटात. पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचंही तिनंच कल्याण केलं होतं. भारतीय खलाशांच्या नोकरीच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला नौदलाच्या ब्यूरोत असतात, पण तिथं नुसतं "आमचे आबाजी, उंच होते, सावळे होते" म्हणून कसं भागणार? नंबर पाहिजे, आणि नंबर उधईला माहीत.

उरला फोटो. तो काचेवर ठेवून बाराशे डीपीआयवर स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा केला. दुकानात तोवर निम्मं घर जमलेलं. आधी टोपी. टोपीच्या काळ्या फितीवर सोनेरी अक्षरं असतात, त्यांत जहाजाचं नाव असतं, ते मिळालं की काम फत्ते. पुतण्यानं मोठ्यानं वाचलं, "एच, एम, टी."

"एचएमटी तं आपला धान होय," काकू म्हणाल्या.

काकूंचंही चुकलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत निवडून काढलेल्या त्या वाणाला घड्याळावरून एचएमटी नाव पडलं, आणि आता आमच्या भागात एचएमटी म्हटलं की घड्याळाच्या आधी भात आठवतो. पण आबाजींच्या टोपीवर तांदळाची जाहिरात असणं शक्य नव्हतं. अजून मोठं केलं तेव्हा 'टी'चा 'आय' झाला आणि पुढं घडीत दबलेला 'एस' दिसला. एचएमआयएस. म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', राजेसाहेबांचं हिंदी जहाज. ही अक्षरं रॉयल इंडियन नेव्हीची. ते नाव १९३४ साली आलं आणि २६ जानेवारी १९५० ला गेलं. एवढ्यात आबाजींची सोळा वर्षांची चौकट ठरली.

"आन् जहाजाचं नाव?"

नाव नव्हतं. नुसतीच चार अक्षरं. युद्धाच्या दिवसांत शत्रूला सुगावा लागू नये म्हणून टोपीवरचं जहाजाचं नाव काढून टाकत. जपान्यांना चकवायला केलेली युक्ती ऐंशी वर्षांनी आमच्यावर लागू पडली. पण त्यातूनही काही कळलंच: फोटो दुसऱ्या महायुद्धातला असावा. ते जुळतंही. १९३९ मध्ये या नौदलात दोन हजारसुद्धा माणसं नव्हती आणि युद्ध संपता संपता ती तीस हजारांच्या घरात गेली. एवढी भरती करायची तर कोळी-खारवी कुठवर पुरणार? मग मामा तलावात पोहायला शिकलेली पोरंही चालली.

इथं मी एक गोष्ट सांगायला नको होती, पण जोशात सांगून बसलो. नौदलात जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजच म्हणतात. 'तलवार' हे कुलाब्याचं सिग्नल स्कूल, 'शिवाजी' तर लोणावळ्याच्या डोंगरावर, दोघांनाही एचएमआयएस.

काकाजींचा चेहरा उतरला. "म्हंजे बिल्डिंगीतच होता का बाप आमचा?"

'तलवार'चं नाव निघताच चुलतभाऊ सरसावला. १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचं बंड तिथंच सुरू झालं, मग आबाजी बंडात असतील, मग पत्रिकेत 'स्वातंत्र्यसैनिक' का नको? फोटोतला माणूस कठड्याच्या चित्रापुढं ताठ उभा आहे, एवढ्यावरून त्याला बंडात घालता येत नाही, हे पटवायला मला फार घसा कोरडा करावा लागला. तेवढ्या वेळात पुतण्यानं मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपवर फोटो रंगवून आणला. त्यात आबाजींना खाकी पोशाख, लाल ओठ आणि निळसर डोळे. जुन्या फिल्मवर निळा रंग पुष्कळदा फिका उमटायचा आणि लाल काळाकुट्ट. ॲप बिचारं अंदाजपंचे रंग फासतं. आत्याबाईनं तो अवतार बघून विचारलं, "हे कोन पावनं होय?"

राहिला उजवा दंड. त्यावर एक चिन्ह होतं. उजवा की डावा यावर आधी दुकानात दंगल. फोटोतला उजवा की आपला उजवा? सगळ्यांनी आपापले हात वर करून बघितले, दोघं वळून पाठमोरे उभे राहिले, दारात झेरॉक्सला आलेली एक बाई हे बघून परत गेली. त्यात पुतण्यानं फिरवलेल्या फोटोत सगळंच उलटं, आरशातल्यासारखं. शेवटी टोपीनंच सोडवलं: जिथं अक्षरं सरळ वाचता येतात तो फोटो सरळ. चिन्ह उजव्याच दंडावर होतं. आणि ते होतं तीन पानांचं.

"बेलाचं पान," काकाजी शांतपणे म्हणाले. "बाबा पचमढीच्या महादेवाले जात. पक्के भक्त."

मीही लहानपणापासून ते बेलाचं पानच समजत आलो होतो. पण इंग्रजांच्या नौदलात शंकराचा बिल्ला मिळण्याची शक्यता कमी. उजव्या दंडावर कामाची शाखा असते. बिनतारी संदेशवाल्याला पंख आणि वीज, इंजिनघरातल्या स्टोकरला तीन पात्यांचा पंखा. जहाजाच्या बुडाशी फिरतो तो. आबाजी स्टोकर होते. जहाजाच्या पोटात, बॉयलरपुढं. वर समुद्र असेल नाहीतर लोणावळा, त्यांना सारखंच.

"स्टोकर म्हंजे भट्टीवाला?" काकाजी हबकले.

तेव्हा आत्याबाई बोलली. आबाजी मिलमध्ये जात तेव्हा काकाजी पाळण्यात होते, ही थोरली. "म्हनून तं बाबा मिलमंदी बॉयलरवर राहत." घरी धुऱ्याला धुरा लागून शेती असताना आबाजी उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाच्या मिलमध्ये चाकरी का करत, हा आमच्या घरातला जुना वाद होता, भावकी म्हणायची डोक्यावर कर्ज होतं, आजी म्हणायची घरात करमत नाही. आत्याबाई डबा घेऊन जायची. आबाजी डाव्या हातात भाकर धरून जेवायचे, पण नजर बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवरून हलायची नाही. पोरगी काही बोलली तर बोटानं काच दाखवायचे: पाणी खाली गेलं तर मिल उडन, आधी ते, मंग तू. ती काच ते दर थोड्या वेळानं नखानं टकटक वाजवत. ती सवय कुठून आली, तेही आता त्या तीन पात्यांनी सांगितलं.

काकाजींना याचं कौतुक नव्हतं. पत्रिकेत 'माजी नौसैनिक' छापलं गेलं आणि ते रुसून माझ्याशी बोलेनासे झाले. तरी पहिली पत्रिका द्यायला तिरोड्याला मलाच गाडी चालवायला नेलं. व्याह्यांनी पत्रिका वाचली आणि विचारलं, नौदलात काय होते? काकाजींनी खिडकीबाहेर बघितलं. मी सांगितलं, स्टोकर, इंजिनघरात.

"बॉयलरवाले?" व्याही खुर्चीत सरसावून बसले. "अहो मंग आधी सांगाचं ना! सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट भेटता भेटत नाही आमाले. सीझन तोंडावर आला. घरात अजून कोनी आहे का त्या लाइनमंदी?"

काकाजींनी तात्काळ घसा खाकरला. "रक्तातच आहे," म्हणाले.

नवरदेव पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो. व्याह्यांनी त्याला जेवणाच्या आधीच बॉयलर बघायला नेलं.