पाला फेकून पाणी कसलं पिताय?

"वर्षानुवर्षं किडनीत मीठ आणि विष साठतं. कोथिंबिरीची जुडी चिरून दहा मिनिटं उकळा, गाळा, रोज एक पेला प्या. सगळी घाण लघवीवाटे जाताना दिसेल. पालेभाजी किडनीला चांगलीच, शिवाय नैसर्गिक, अपाय शून्य." हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि मी तो न वाचताच पुसत आले. गेल्या आठवड्यात कळलं की क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 3.4 असलेली, म्हणजे किडनी बरीच खालावलेली माझी मावशी चार दिवस हे पाणी पितेय. वर मलाच पाठवलं, हात जोडलेल्या तीन इमोजींसकट.

किडनी म्हणजे फिल्टरची कॅन्डल नव्हे, की तुंबली, काढली, घासली. ती दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळते आणि त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत घेते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने झिजलेली गाळणी धुऊन नवी होत नाही. आणि लघवी जास्त झाली, कारण पाणी जास्त प्यायलात. झालं.

माझं डोकं फिरलं ते कृती वाचून. पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणून तर मावशीला आहारतज्ज्ञांनी बजावलं होतं: भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणी द्या. मेसेजवाला काय सांगतो? चिरा, उकळा, पाला फेका आणि पाणी प्या! म्हणजे जे टाळायचं नेमकं तेच गाळून पेल्यात. कच्च्या कोथिंबिरीत 100 ग्रॅममागे 500 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. वरणावर चिमूटभर भुरभुरली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण इथे अख्खी जुडी उकळायची आहे, तीही रोज. धडधाकट माणूस ते सहज बाहेर टाकेल. मावशीच्या रक्तातलं पोटॅशियम आधीच 5.6, म्हणजे जास्तच होतं. ते आणखी चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अनेकदा आधी काही जाणवतही नाही.

"अपाय शून्य"वाल्यांनी 2018 साली अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेसमध्ये छापून आलेली केस वाचावी. 65 वर्षांची बाई, किडनी व्यवस्थित. 'शरीरशुद्धी' म्हणून ऑक्झलेट (किडनीत स्फटिक आणि खडे धरणारा पाल्यातला घटक) भरपूर असलेल्या हिरव्या पाल्यांचे रस प्यायली. किडनी निकामी झाली, ती पुन्हा सुधारली नाही. पूर्वी तिचं पोटाचं बायपास झालं होतं आणि नुकतीच बरेच दिवस अँटिबायोटिक्स घेतली होती, हेही त्यात लिहिलंय. कोथिंबिरीत पालकाइतकं ऑक्झलेट नसतं, मान्य. पण पाला नैसर्गिकच होता ना?

राहता राहिलं "पालेभाजी चांगलीच". अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही किडनीच्या रुग्णांना वनस्पतिजन्य अन्न वाढवायलाच सांगतात. तेव्हा किडनीचं नाव काढताच मेथी, चाकवत, माठ सगळं बंद करणाऱ्या नातेवाइकांनीही जरा दमानं घ्यावं. किती खायचं ते रक्तातलं पोटॅशियम बघून ठरतं. मुतखडा असेल तर पालकाला हात आखडता, बस.

फ्रिजमधली हिरवी बाटली मी मोरीत ओतली. मावशी हळहळली, "चार जुड्या गेल्या गं!" उकडलेला पाला तिने रोजच्या रोज कचऱ्यात टाकला होता. खाण्यासारखा तोच होता.