पात्याला पाणी, मला घाम

थेम्स नदीत १८५७ साली एक पातं सापडलं. दहाव्या शतकातलं, सुमारे ७२ सेंटिमीटर लांबीचं, एकधारी. या जातीला ‘सॅक्स’ म्हणतात. पाठ सरळ जाता जाता टोकाजवळ एकदम तिरकी उतरते. सध्या त्याचा मुक्काम ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचा फोटो पाहिला आणि निम्म्या लांबीचं का होईना, पण असं काहीतरी करायचंच, हे डोक्यात बसलं. हजारेक वर्षांचं लोखंड फोटोत इतकं देखणं कसं दिसतं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

ऐरणीवर ठोकून घडवण्याची माझी छाती नव्हती. म्हणून १०८४ जातीच्या पोलादाची पट्टी आणली आणि कानशीनं घासत बसलो. तीन रविवार गेले. मग भट्टी. पोलाद साधारण ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला ओळख देईनासं होतं. त्याच्या थोडं पुढे तापवून ते झटक्यात बुडवायचं. मराठीत याला पाणी देणं म्हणतात. मी दिलं कोमट तेल, कारण पाण्यात हे पोलाद तडकू शकतं. तडकलं नाही, वाकलं. पूर्ण कडक व्हायच्या आत सरळ करायला जेमतेम काही क्षण मिळतात. त्यातला निम्मा वेळ माझा हातमोजा शोधण्यात गेला. तरी सरळ झालं. पुढे दोनशे अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकलं, कडकपणातला ठिसूळपणा उतरावा म्हणून. मूठ बसवली, तिच्या तोंडाशी पितळेची अंगठी. (मूळच्या सॅक्सला असला दागिना नसे. ही माझी हौस.)

मग पॉलिश पेपर. आधी १२० नंबर, मग २२०, ४००, ८००. दर नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे आडवे उठून दिसतात. शेवटी पातं आरशासारखं झालं आणि मी फोन काढला.

पहिल्या फोटोत पात्यावर पांढरा भडका. फ्लॅश बंद केला, तर पात्यात छताचा पंखा. तिरकं धरलं, तर माझी चट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, तीही ३५ सेंटिमीटर लांबीची. चाळीसेक फोटोंनंतर डोक्यात प्रकाश पडला, पात्यावर मात्र अजून नाही: चकचकीत पोलादाचा फोटो निघतच नाही, निघतो तो त्याच्यासमोर जे असेल त्याचा. गंजलेल्या लोखंडात काही दिसत नाही, म्हणून म्युझियमवाल्यांचं बरं चालतं.

तेव्हा पात्याला बघायला काहीतरी बरं द्यायचं ठरवलं. खिडकीवर पांढरी चादर ताणली, म्हणजे उजेड गाळून यावा. दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला, आणि धारेचा उतार अचानक रेघ मारल्यासारखा उमटला. फोन लांब ठेवून झूम केला. जवळ नेलं की पातं टोकाकडे फुगतं. क्लिक. सुंदर! पंखा नाही, पँट नाही.

मोठं करून पाहिलं. मधोमध एक तिरका ओरखडा, १२० नंबरचा. डोळ्यांना चार आठवडे दिसला नव्हता.

परत २२० पासून सुरुवात. संध्याकाळी पुन्हा चादर, पुठ्ठा, क्लिक. या वेळी पातं निष्कलंक. फक्त मुठीजवळच्या गोल पितळी अंगठीत अख्खी खोली मावली होती: चादर, पुठ्ठा, उलटी पडलेली बादली, आणि स्टुलावर ओणवा झालेला मी, दातांत पॉलिश पेपर धरून.