गुडघा बदलल्यावर तीन महिने बेडरेस्ट म्हणे!

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय, की ऑपरेशनमध्ये अख्खा गुडघा कापून काढतात, मग तीन महिने बेडरेस्ट, दुखलं की व्यायाम बंद, आणि एवढं करून नवा सांधा दहा वर्षांत बाद. चारही गोष्टी चूक, पण बेडरेस्टवाली सगळ्यात घातक.

अख्खा गुडघा कोणी काढत नाही हो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासतात, त्यावर धातूचं आवरण, मधे पॉलिथिलीन नावाच्या प्लास्टिकचा तुकडा. बास.

आता बेडरेस्ट. बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, कारण पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, म्हणून तर रक्त पातळ करायची औषधं देतात आणि पडल्यापडल्यापण पावलं वरखाली करत राहा सांगतात. शिवाय सांधा आखडतो तो वेगळाच. घरचे मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात ना, तीच नडते, गुडघा जरासा वाकलेलाच राहतो आणि मग पूर्ण सरळ व्हायला कुरकुरतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी, मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, पाच सेकंद धरून सोडायचं. बघणाऱ्याला वाटतं हा नुसता लोळतोय, करणाऱ्याला घाम फुटतो.

दुखणार तर आहेच. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या थोडं आधी घ्यायची, नंतर कपड्यात गुंडाळून बर्फ. दुसऱ्या दिवशीही ठणका उतरला नाही तर व्यायाम कमी करा, बंद नको. सूज आणि गरमपणा काही महिने राहतो, त्याला घाबरू नका.

दहा वर्षांचं म्हणाल तर मोठ्या अभ्यासांत 25 वर्षांनंतरही साधारण 82 टक्के सांधे टिकलेले दिसले.

सगळं गोडगोड नाहीये हेही खरं. साधारण पाचातला एक पेशंट पूर्ण समाधानी नसतो, आणि गुडघ्यावर टेकून बसणं बऱ्याच जणांना नकोसं वाटतं. पण तयारीबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, शुगर आटोक्यात आणणं, सिगारेट सोडणं, किडके दात आधीच बघून घेणं, मांडीचे स्नायू बळकट करणं, हे ऑपरेशनच्या आधीचं काम आहे.

आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला तर सरळ सर्जनला फोन. धाप लागली, छातीत दुखलं तर फोनचीही वाट नको, तडक इमर्जन्सीत.