नोटर डेम एसीसीचं फुकट खाते म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब

गेली काही वर्षं एक दावा फिरतोय, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून तर त्याला ऊतच आलाय. दावा साधारण असा: नोटर डेम फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये) स्वतःला इंडिपेंडंट, म्हणजे कुठल्याच गटात नसलेली, म्हणवते पण बास्केटबॉलपासून लक्रॉसपर्यंत सगळ्या खेळांसाठी एसीसीच्या घरात राहते, फुटबॉलचे एनबीसी ह्या टीव्ही चॅनेलचे पैसे एकटी ठेवते, वर एसीसीचा पूर्ण वाटाही घेते, प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या स्पर्धेला, मागच्या दाराने शिरते, आणि कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सेसची जी मोडतोड चाललीय तिचं मूळ पण हेच. थोडक्यात, जेवायला पहिल्या पंगतीत आणि भांडी घासायच्या वेळी गायब. म्हणून एकतर पूर्ण आत या, नाहीतर चालू पडा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत कॉलेजच्या टीम्स कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात, टीव्हीचे हक्क गट मिळून विकतो आणि पैसे आपसात वाटतो. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, त्यात क्लेमसन, फ्लोरिडा स्टेट, मायामी, ड्यूक वगैरे. नोटर डेम ही इंडियानातल्या साउथ बेंडची कॅथलिक युनिव्हर्सिटी. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ठरलं आणि जुलै २०१३ पासून तिचे फुटबॉल आणि आइस हॉकी सोडून बाकी खेळ एसीसीत आले. फुटबॉल स्वतंत्र राहिला, पण अट अशी की दरवर्षी सरासरी ५ मॅचेस एसीसीच्या टीम्सशी खेळायच्या.

आता पैशाचं बघू, कारण सगळ्यात जास्त ओरड त्याचीच आहे. "पूर्ण वाटा घेते" हे सरळसरळ चूक आहे. २०२२-२३ च्या वर्षात एसीसीच्या पूर्ण सदस्यांना सरासरी ४ कोटी ४८ लाख डॉलरच्या आसपास मिळाले आणि नोटर डेमला मिळाले साधारण २ कोटी २१ लाख, म्हणजे निम्म्याच्याही थोडे खाली. त्याच्या आदल्या वर्षी पूर्ण सदस्यांची सरासरी ३ कोटी ९४ लाख आणि नोटर डेमचे १ कोटी ७४ लाख. फुटबॉलच्या टीव्हीचा वाटा नाही म्हणून रक्कम कमी, इतकं साधं आहे, आणि हे आकडे कॉन्फरन्सच्या टॅक्स रिटर्नमधून दरवर्षी बाहेर येतात, कुणी लपवून ठेवलेले नाहीत.

एनबीसीचे पैसे ती एकटी ठेवते हे मात्र खरं आहे. १९९१ पासून घरच्या मॅचेस एनबीसीवर असतात आणि सध्याचा करार २०२९ पर्यंतचा आहे. पण ह्याच्या पुढे जे विचारायला पाहिजे ते कोणी विचारत नाही, की नोटर डेम एसीसीच्या मैदानावर जाऊन खेळते तेव्हा ती मॅच कोणाची? ती एसीसीची. तिचे हक्क एसीसीच्या ईएसपीएनच्या डीलमध्ये जातात, नोटर डेमच्या नाही. १८ ऑक्टोबर २०१४ ची फ्लोरिडा स्टेटच्या घरची, टॅलाहासीची मॅच आठवा. फ्लोरिडा स्टेट आदल्या वर्षीचे नॅशनल चॅम्पियन, दोन्ही टीम्स तोपर्यंत एकही मॅच न हरलेल्या, शेवटची १३ सेकंद उरलेली आणि नोटर डेमचा जिंकून देणारा टचडाउन पेनल्टीचं फ्लॅग पडल्यामुळे रद्द झाला, ३१-२७. शनिवारी रात्री अख्खा देश ते बघत होता, स्टेडियम खचाखच, आणि हे सगळं यजमानांच्या खात्यात. बॉस्टन कॉलेज, सिरॅक्यूज, पिट्सबर्ग ह्यांच्याकडे नोटर डेम येते तेव्हा त्यांच्या सीझनमधलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच असतं. हे फुकट खाणं कसं काय म्हणे?

आणि २०२० तर लोक सोयीस्कर विसरतात. कोविडमुळे बाकीच्या कॉन्फरन्सेसनी आपापल्यातच खेळायचं ठरवलं, नोटर डेमचं वेळापत्रक कोसळलं, आणि एसीसीने त्यांना त्या एका वर्षापुरतं पूर्ण फुटबॉल सदस्य म्हणून घेतलं. एसीसीने मदत केली, शंभर टक्के, पण अट काय होती? त्या सीझनचे टीव्हीचे सगळे पैसे, एनबीसीवरच्या घरच्या मॅचेस धरून, १५ ही संस्थांमध्ये समान वाटायचे. वाटले. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला साउथ बेंडमध्ये पहिल्या नंबरवरच्या क्लेमसनला डबल ओव्हरटाइममध्ये ४७-४० ने हरवलं, लोक मैदानात उतरले, आणि मग डिसेंबरात शार्लटला कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये त्याच क्लेमसनकडून ३४-१० असा मारही खाल्ला. दोघेही प्लेऑफला गेले. एसीसीला एका वर्षात दोन प्लेऑफ टीम्स पहिल्यांदा मिळाल्या त्या तेव्हा, आणि त्यातली एक हीच "फुकटी".

प्लेऑफचा मुद्दा जरा सावकाश बघायला हवा कारण ह्यात थोडं खरं आणि बरंच खोटं मिसळलंय. म्हणे कॉन्फरन्सची फायनल खेळावी लागत नाही, म्हणजे एक अवघड मॅच वाचते. बरं. २०२४ ला १२ टीम्सचा प्लेऑफ सुरू झाला तेव्हा पहिल्या फेरीची सुट्टी फक्त चार कॉन्फरन्स चॅम्पियन्सना होती, म्हणजे नोटर डेम सगळ्या मॅचेस जिंकून पहिल्या नंबरवर असती तरी तिला ती सुट्टी मिळालीच नसती. हा नियम बनवणाऱ्यांमध्ये त्यांचे तेव्हाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जॅक स्वॉरब्रिक स्वतः होते आणि त्यांनी हे मान्य केलं होतं. मग काय झालं, सातव्या सीडवरून सुरुवात, घरच्या थंडीत इंडियानाला २७-१७, न्यू ऑर्लिन्सला जॉर्जियाला २३-१०, मायामीत पेन स्टेटला २७-२४, आणि अटलांटात फायनलला ओहायो स्टेटकडून ३४-२३ ने हार. चार मॅचेस. मागच्या दाराने शिरणारा एवढं चालत नाही.

त्या वाटचालीचे २ कोटी डॉलर एकट्याने ठेवले हेही खरं, पहिले दोन टप्पे ४०-४० लाखांचे आणि पुढचे दोन ६०-६० लाखांचे. पण ज्या वर्षी आत जात नाहीत त्या वर्षी बाकी कॉन्फरन्स टीम्ससारखा शेजाऱ्याच्या कमाईतला वाटाही त्यांच्याकडे येत नाही. आणि जो जिंकेल त्याच्याकडे जास्त राहू दे हा विचार एसीसीने स्वतःच २०२४-२५ पासून आपल्या सदस्यांसाठी लागू केलाय. मायामीने ठेवले तर मेहनतीचं फळ आणि नोटर डेमने ठेवले तर हावरटपणा, असं कसं चालेल.

२०२५ मध्ये तर उलटंच झालं. मायामीकडून २७-२४ आणि टेक्सस ए अँड एमकडून ४१-४० अशा पहिल्या दोन मॅचेस हरले, पुढच्या दहाच्या दहा जिंकल्या, शेवटच्या आठवड्यापर्यंत रँकिंगमध्ये मायामीच्या वर होते, आणि ७ डिसेंबरला दोघांपैकी कोणीही न खेळता मायामी वर गेली, नोटर डेम बाहेर. मायामीने समोरासमोर हरवलं होतं, तेव्हा मायामीला घेणं चूक नव्हतं असंच माझं मत आहे, आणि ती टीम पुढे फायनलपर्यंत गेली. पण कॉन्फरन्स फायनल न खेळण्याचा "फायदा" कुठे दिसला त्यात? मायामी पण एसीसीची फायनल खेळली नव्हती. फायनल जिंकलेली ड्यूक प्लेऑफमध्ये नव्हती. अलाबामा आपली फायनल जॉर्जियाकडून २८-७ हरूनही आत होती.

२०२६ पासून पहिल्या १२ मध्ये असल्यास जागा नक्की, अशी एक तरतूद नोटर डेमला मिळालीय. ही सवलत आहे आणि तिच्यावर टीका करायला माझी हरकत नाही. तसंच प्लेऑफ सोडून बाकीच्या बोल मॅचेससाठी (सीझन संपल्यावर निवडक टीम्सना मिळणाऱ्या खास मॅचेस) नोटर डेम एसीसीच्या कोट्यातली जागा घेऊ शकते, एखाद्या एसीसी टीमपेक्षा एक विजय कमी असला तरी. ज्या टीमची जागा जाते तिच्या पोरांना ते लागणारच, ती तक्रार एकदम रास्त आहे. पण ही अट एसीसीने वाचून सही केलेली आहे, ५ मॅचेसच्या बदल्यात.

"घमेंड म्हणून वेगळे राहतात" हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ह्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना आज ज्याला बिग टेन म्हणतात त्या गटात यायचं होतं. दार उघडलं नाही. मिशिगनचे कोच फिल्डिंग योस्ट त्यांच्या विरोधात होते, १९१० ला तर मिशिगनने ठरलेली मॅच आयत्या वेळी रद्द केली, आणि त्या काळात कॅथलिकांबद्दल जो आकस होता तो खेळातही होताच. शेजारी खेळेनात म्हणून मग ट्रेनने लांब लांब जायला लागले. १९१३ ला वेस्ट पॉइंटला जाऊन आर्मीला (लष्कराच्या अकादमीची टीम) फॉरवर्ड पासच्या जोरावर ३५-१३ हरवलं, १९२६ पासून पार कॅलिफोर्नियाच्या यूएससीशी मालिका, १९२७ पासून नेव्हीशी, म्हणजे नौदलाच्या अकादमीच्या टीमशी. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी आटले तेव्हा नेव्हीने तिथे ट्रेनिंग सुरू करून कॉलेज तगवलं, आणि ते ऋण म्हणून आजही नेव्हीशी मॅच ठेवतात. देशभर चाहते आहेत ते ह्या वणवणीमुळे. १९९९ ला बिग टेनने बोलावलं तेव्हा ह्यांनी नको म्हटलं, त्याचं कारण ह्या इतिहासात आहे. जे नाकारल्यामुळे उभं राहिलं ते आता दुसऱ्याच्या सोयीसाठी मोडून टाका हे सांगणारे आपण कोण?

"अर्धा मेंबर हा प्रकार दुसरीकडे कुठेच नाही" ह्यावर फार वेळ घालवायला नको. आर्मी आणि नेव्हीचा फक्त फुटबॉल अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आहे, बाकी खेळ पेट्रियट लीगमध्ये. यूकॉन फुटबॉलमध्ये इंडिपेंडंट, बास्केटबॉल बिग ईस्टमध्ये. बीवाययू २०११ पासून बारा सीझन तसंच करत होती. जॉन्स हॉपकिन्सचं लक्रॉस बिग टेनमध्ये आहे, आणि नोटर डेमची स्वतःची आइस हॉकीसुद्धा २०१७ पासून तिथेच.

राहिला मोडतोडीचा आरोप. २०२१ ला टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसी ह्या दुसऱ्या बड्या गटात जायचं ठरवलं, २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनमध्ये, २०२३ मध्ये ओरेगन, वॉशिंग्टन आणि बाकीचे गेले आणि पॅक-१२ ह्या पश्चिम किनाऱ्याच्या गटात दोनच टीम्स उरल्या. ह्यातला एक तरी अर्धा मेंबर होता का? सगळे पूर्ण सदस्य, सगळे टीव्हीच्या पैशासाठी गेले. एसीसीवर कोर्टात गेले ते फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन, तेही पूर्ण सदस्य, आणि त्यांची तक्रार एसईसी आणि बिग टेनच्या तुलनेत मिळणाऱ्या कमी पैशाची होती.

ह्या सगळ्यात भरडली जातात ती बाकी खेळांची पोरंपोरी. स्टॅनफर्ड आणि कॅल आता "अटलांटिक कोस्ट" मध्ये आहेत, पॅसिफिकच्या काठावरून. व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी साध्या मॅचसाठी अख्खा देश ओलांडून जाते, परत येऊन सोमवारी लेक्चरला बसते, कारण फुटबॉलचा करार तसा झाला. नोटर डेमची मांडणी नेमकी ह्याच्यावरचं उत्तर आहे: फुटबॉलचा धंदा वेगळा ठेवा, बाकी खेळ एका गटात नीट खेळू द्या. यूसीएलएचे तेव्हाचे कोच चिप केली २०२३ च्या डिसेंबरमध्ये हेच बोलले होते, की सगळ्यांनीच फुटबॉल वेगळा काढावा आणि बाकी खेळ आपापल्या भागात राहू द्यावेत. यूएससी, यूसीएलएने असं केलं असतं तर त्यांच्या जलतरणपटूंना आणि सॉफ्टबॉलवाल्यांना न्यू जर्सीपर्यंत जायची वेळ आली नसती.

आणि बाकी खेळांत हे नुसते आसऱ्याला आलेले नाहीत. २०१३ ला एसीसीतल्या पहिल्याच सीझनमध्ये पुरुषांच्या सॉकरचं राष्ट्रीय विजेतेपद, २०१५ ला नॉर्थ कॅरोलायनाला हरवून पुरुष बास्केटबॉलची एसीसी टूर्नामेंट, २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ पुरुष लक्रॉस. २०१८ ची महिला बास्केटबॉल फायनल ज्यांनी पाहिली नाही त्यांनी शोधून बघा, मिसिसिपी स्टेटविरुद्ध स्कोअर बरोबरीत, अरीके ओगुनबोवाले उजव्या कोपऱ्याकडे जात पडता पडता शॉट मारते आणि ६१-५८. दोनच दिवस आधी सेमीफायनलमध्ये यूकॉनला पण तिनेच शेवटच्या क्षणी हरवलं होतं. ही सगळी विजेतेपदं एसीसीच्या नावावर जमा आहेत.

तेव्हा "चालू पडा" म्हणणाऱ्यांनी करारातली एक अट बघावी: २०३६ पर्यंत नोटर डेम फुटबॉलसाठी कुठल्याही कॉन्फरन्समध्ये गेली तर ती एसीसीच असली पाहिजे. अशी अट बिग टेनकडे नाही. ती एसीसीने स्वतःहून सोडावी असं तुमचं म्हणणं आहे का? आणि पूर्ण सदस्यांचं म्हणाल तर मार्च २०२५ च्या समझोत्यात त्यांची बाहेर पडायची फी दरवर्षी उतरत २०३०-३१ ला साडेसात कोटी डॉलरवर येणार असं ठरलंय. ती कमी करून घेणाऱ्यांत नोटर डेम नव्हती, फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन होते.