‘काका, प्रेसची पायरी तरी चढलात का?’

कॅचवर्डवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक ठाणेकर वाचक’ यांनी चार वाक्यं लिहिली आहेत. जुन्या पुस्तकांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द, म्हणजे कॅचवर्ड, छापत तो केवळ बायंडरसाठी, वाचकाचा काही संबंध नाही, लेखात फारसी हस्तलिखितं राहिली, लेख लांबला, आणि शेवटी, ‘काका, प्रेसची पायरी तरी चढलात का?’

लेख लांबला, मान्य. पण हे ‘काका’ मायेचं नाही, एवढं मलाही कळतं.

चढलोय पायरी. जांभळी नाक्याजवळच्या एका ट्रेडल (पायाने चालवायच्या) प्रेसमध्ये उमेदीची वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली. छपाई झाली की तेच खिळे परत खणाखणांत टाकायचे आणि संध्याकाळी फर्म्यांना, म्हणजे अनेक पानं एकत्र छापलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालायला बसायचं. उलटी अक्षरं वाचून डोळे गेले. तुम्ही मोबाइलवर अंगठ्याने टाइप करता, तुम्हाला काय सांगायचं!

आणि घड्या घातल्यात म्हणूनच ते ‘केवळ बायंडरसाठी’ मला पटत नाही. सोळापानी फर्म्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पानं येतात. नीट घडी घातली की आतला क्रम आपोआप लागतो. बायंडरला काळजी असते ती एक फर्मा संपून दुसरा लागतो तिथली. त्याच्यापुरतं बघायचं तर दर फर्म्याच्या शेवटच्या पानावर एक शब्द पुरे. युरोपातल्या हस्तलिखितांत बहुधा तसंच होतं, जुडीच्या अखेरीस एक. मग अठराव्या शतकापर्यंतच्या छापील पुस्तकांत तो पानोपानी कशाला? शिवाय बायंडरसाठी फर्म्याच्या पहिल्या पानाखाली ए, बी, सी अशी खूण असायचीच. (तीही तेवीसच अक्षरांची. आय-जे मिळून एक, यू-व्ही मिळून एक, डब्ल्यूला सुट्टी.)

पानोपानीचा शब्द कामाला येई तो जुळलेली पानं फर्म्यात मांडणाऱ्याला. एखादं पान भलतीकडे बसलं तर तिथेच कळे. मोठ्याने वाचणाऱ्यालाही पान उलटताना अडखळावं लागत नसे. हा फायदा झाला असं मी लिहिलं होतं. त्यासाठीच छापत, असं नाही. वाचा पुन्हा.

फारसी-अरबी हस्तलिखितांत पानांना अनेकदा आकडे नसत, तिथे याच शब्दावर क्रम लागे. बरोबर. माझा विषय छापखाना होता.

‘केवळ’ला आधार असेल तर जरूर पाठवा, जसाच्या तसा टाकतो. फक्त नावानिशी लिहा. ‘ठाणेकर वाचक’ मुंब्र्यापासून घोडबंदरपर्यंत कुणीही असू शकतो.