चिखलोली झालं की आमच्या खिडकीचं काय?

करी रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर रविवारी पाचला जमायचं ठरलेलं. शैला बदलापूरहून सव्वासहाला आली. कारण कोणी विचारलं नाही. रविवार, मध्य रेल्वे, मेगाब्लॉक.

"बसायला मिळालं?" तात्या म्हणाले. तात्या रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी माणसाची ख्यालीखुशाली ते अशीच विचारतात.

"आज मिळालं. उद्या सकाळी साडेसातला विचारा. गाडी बदलापूरची, सुटणार बदलापूरहून, आणि खिडक्यांवर अंबरनाथच्या बायका! रिटर्न मारून, म्हणजे जागेसाठी आधी उलट्या बदलापूरला येऊन बसलेल्या. आता मध्ये हे चिखलोली स्टेशन येतंय. म्हणजे त्यांच्याही बायका उलट्या येऊन बसणार."

"अगं, स्टेशन होऊ दे तरी आधी," मी म्हटलं.

"होईल तेव्हा होईल. भांडणाची तयारी आधीपासून लागते."

इथे बाब्याने खुर्ची पुढे ओढली. बाब्याची खुर्ची पुढे आली की १८५३ साल येतं, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे.

"तुमची स्टेशनं काल-परवाची. स्टेशन म्हणजे आमचं ठाणं! १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला, ३४ किलोमीटर. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. इंजिनं तीन. साहिब, सिंध आणि सुलतान!"

हे तो अशा थाटात सांगतो की त्याच्या पणजोबांनीच सुलतानमध्ये कोळसा मारला असावा. प्रत्यक्षात बाब्या ठाण्याला गेला २००४ मध्ये, तेही सासऱ्यांनी फ्लॅटला हातभार लावला म्हणून. राहतो घोडबंदरला. तिथून ठाणे स्टेशन गाठायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सुलतान भायखळ्याहून भांडुपला पोचला असेल.

"ते चारशेच्या चारशे बसून गेले ना?" शैलाने विचारलं.

"अर्थात!"

"मग तो लोकलचा इतिहास नाही. पुढे बोल."

तात्यांनी बशीत चहा ओतला. "बदलापूरची लाइनसुद्धा काल-परवाची नाही रे. १८५४ ला गाडी कल्याणला गेली आणि १८५६ ला बदलापूर, नेरळ करत थेट खोपोलीला. पण बदलापूरकरांसाठी नव्हे हं. साहेबाला घाट चढायचा होता, देशावरचा कापूस बंदरात आणायचा होता. वाटेत गावं लागली, म्हणून स्टेशनं."

"आणि घाट?"

"बोरघाट सुरू झाला १८६३ ला. वर खंडाळा ते पुणे गाडी मात्र १८५८ लाच धावायला लागलेली. मधला घाट कसा चढायचा? खोपोलीला उतरायचं, आणि तट्टू, बैलगाडी नाहीतर पालखी."

"पालखी!" शैला म्हणाली. "म्हणजे तेव्हा आडवं होऊन जाता यायचं. आम्ही चौथ्या सीटवर अर्ध्या कुल्ल्याने बसतो आणि तिला प्रगती म्हणतो."

बाब्याला काहीतरी बोलायचंच होतं. "बदलापूर म्हणजे मुळात घोडे बदलायचं ठिकाण. म्हणूनच तर ते नाव!"

हे कुठून आलं विचारू नका. तिकडचे लोकही हेच सांगतात, आणि बाब्याच्या फोनवर जे येतं ते त्याच्या लेखी शिलालेख.

"घोडे गेले, गाढवं आली," शैला म्हणाली. "दारात उभी राहतात आणि ठाण्याला उतरू देत नाहीत."

"तुमच्याकडे उतरायचं तरी कशाला? २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हा हजारावर माणसं बोटीतून काढावी लागली. नावातच पूर आहे."

"नावात बदला पण आहे, बाब्या. जपून."

मग बराच वेळ नुसती उणीदुणी. बाब्या एकदा दादरला 'ए'ची गाडी पकडून झोपला आणि अंबरनाथला उठला, तेव्हा शैलाच्या भावाने त्याला रात्री घरी नेऊन जेवू घातलं होतं. ते निघालं. त्या जेवणात मीठ कमी होतं, असं बाब्याने आत्ता, एवढ्या वर्षांनी सांगितलं. तेही निघालं.

मी मध्येच म्हटलं, "पण शैले, तू तिकडे खूश आहेस ना?" प्रश्न चुकला हे विचारताक्षणीच कळलं.

ती समोरच्या टॉवरकडे बघत होती. तिथे गिरणी होती. तिचे बाबा कापड विणायच्या साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि तो मिटल्याचं त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. चाळीतली खोली विकून ते बदलापूरला गेले. त्या काळात आमच्या मजल्यावरची निम्मी दारं अशीच डोंबिवली, बदलापूर, वांगणीला गेली.

"तात्या, रूळ कापसासाठी टाकले म्हणालात ना," ती म्हणाली. "कापूस इकडे आला, त्याच्या गिरण्या झाल्या. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आम्हाला त्याच रुळांवरून तिकडे सोडून आले. आता रोज सकाळी परत आणतात. कापसाला निदान एकदाच यावं लागायचं."

कोणी काही बोललं नाही. टपरीवाल्याने स्टोव्हला पंप मारला.

"हवा मात्र चांगली हं तुमच्याकडे," बाब्या म्हणाला, आणि तात्यांना ठसका लागला.

ठसका ओसरल्यावर तात्यांनी चष्मा पुसला. "एक सांग शैला. ऑफिस तुझं परळला. संध्याकाळी घरी जाताना तू आधी उलटी सीएसएमटीला जातेस, खिडकी धरतेस, असं मी ऐकलंय. तो रिटर्न नाही का?"

"छे! वाटेत माझं माहेर लागतं. करी रोड."

"उतरतेस?"

"नाही. खिडकीतून नमस्कार करते."

"आणि पास कुठपर्यंतचा?"

"तात्या, तुम्ही रिटायर झालात ना?"

बाब्या एवढा हसला की त्याच्या हातातला कटिंग शर्टावर सांडला. आठ वाजले होते. फलाटावर बदलापूर स्लोची घोषणा झाली तशी शैला पर्स सावरत पळाली. मागोमाग बाब्याही पळाला.

"अरे ए! मागून ठाणा लोकल आहे!" शैला जिन्यावरून ओरडली. "ही आमची गाडी आहे!"

"१८५३ पासून सगळ्या गाड्या आमच्याच!" बाब्याचा आवाज आला.

तात्यांनी पाच कटिंगचे पैसे काढले. "गेला का?"

"गेला."

"ह्याने दहावीत असताना घेतलेल्या भज्यांचे पैसेही मीच दिलेत."