खुलासा : बहरीन हे ‘मृतांचे बेट’ नव्हते

‘बहरीन बेटावर कुणीच राहत नव्हतं, शेजारदेशांतून मृतदेह आणून तिथे पुरत’ हा मेसेज फिरतोय. तो चूक आहे. एके काळी काही अभ्यासकांनाही तसंच वाटायचं, पण १९५०च्या दशकात डॅनिश पथकाने बेटावरच्या कलात अल-बहरीन या प्राचीन स्थळी उत्खनन केलं आणि चित्र बदललं. तिथे तटबंदीचं शहर निघालं. तांबे वितळवून ओतकाम चालायचं, त्याच्या खुणाही. सापडलेली दगडी वजनं तर चक्क सिंधू संस्कृतीच्या मापाची! बहरीनमधल्याच सार या ठिकाणी घरं, देऊळ आणि लगतच दफनभूमी आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदलेले ११,७७४ थडग्यांचे उंचवटे इथेच राहणाऱ्या दिल्मुनवासीयांचे (दिल्मुन ही इथली प्राचीन संस्कृती), इ.स.पू. २२००–१७५० मधले. म्हणून कळकळीची विनंती, तो मेसेज पुढे पाठवू नका.